दोन पेनीचं छोटं जेवण : किटकॅटच्या जन्माचं प्रकरण

कंपनीच्या तोंडून ऐकली तर किटकॅटची जन्मकथा तीन ओळींत आटोपते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राउनट्री कंपनीचा चॉकलेटचा कारखाना होता. तिथल्या एका कामगाराने सूचनापेटीत चिठ्ठी टाकली की, कामावर येताना माणसाला डब्याबरोबर सहज आणता येईल असं काहीतरी काढा. साहेबलोकांनी ते मनावर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९३५ रोजी लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये चार कांड्यांचं, चॉकलेटात बुडालेलं वेफर विकायला आलं. किंमत दोन पेनी. कामगाराचं नाव या गोष्टीत येत नाही.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. राउनट्रीसारख्या कारखान्यात अशी चिठ्ठी पडणं अगदी शक्य होतं, त्याची कारणं पुढे येतीलच. पण सूचनापेटी असली की चिठ्ठ्या पडणारच. कुणाला कॅन्टीनचा चहा कडक हवा असतो, कुणाला दुसऱ्या खात्यात बदली हवी असते. त्यातली नेमकी हीच चिठ्ठी का उचलली गेली, आणि १९३५ सालीच का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर सूचनापेटीत सापडत नाही. ते सापडतं बर्मिंगहॅम शहरात, कॅडबरीच्या कारखान्यात. ज्या डावात जिंकणं शक्य नव्हतं त्या डावातून राउनट्रीने काढता पाय घेतला आणि दुसराच डाव मांडला. किटकॅट त्या दुसऱ्या डावातलं सोंगटं.

यॉर्कची पेढी

१८६२ मध्ये हेन्री आयझॅक राउनट्रीने यॉर्कच्या ट्यूक घराण्याकडून कोकोचा धंदा विकत घेतला. त्याला हिशेबात फारशी गती नसावी, कारण सात वर्षांत धंदा डळमळला आणि १८६९ मध्ये थोरला भाऊ जोसेफ मदतीला आला. पेढी खऱ्या अर्थाने उभी केली ती जोसेफने. दोघेही क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. ब्रिस्टलचे फ्राय, बर्मिंगहॅमचे कॅडबरी आणि यॉर्कचे राउनट्री ही इंग्लंडमधली चॉकलेटची तिन्ही मोठी घराणी क्वेकर होती, हा योगायोग नव्हे. या पंथाच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे कित्येक पिढ्या बंद होते, लष्कर धर्मात बसत नव्हतं आणि दारूला तर सक्त विरोध. राहिला व्यापार. त्यातही दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, म्हणजे पुण्यही आणि नफाही.

जोसेफचा जाहिरातीवर विश्वास नव्हता. माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं, ही त्याची धारणा. जुन्या काळच्या आपल्या पेढीवाल्यांशी त्याचं चांगलं जमलं असतं. १८७९ मध्ये क्लोद गाजे नावाचा फ्रेंच मिठाईवाला यॉर्कला आला, त्याच्या हाताखाली प्रयोग झाले आणि १८८१ मध्ये फळांच्या स्वादाच्या पॅस्टिल, म्हणजे चघळायच्या गोळ्या, बाजारात आल्या. तोवर हा माल फ्रान्सहून यायचा. पॅस्टिल, गम आणि कोको पावडर यांवर राउनट्रीचं घर चाललं. खाण्याचं चॉकलेट, विशेषतः दुधाचं, त्यांना कधी नीट साधलं नाही. ही उणीव लक्षात ठेवायला हवी.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांना इतरांपेक्षा चांगली जमली, ती म्हणजे कामगारांकडे पाहणं. जोसेफचा मुलगा सीबोम राउनट्री याने यॉर्कमधल्या घराघरांची पाहणी करून १९०१ मध्ये गरिबीवरचा आपला प्रसिद्ध अभ्यास छापला. शहरातले सुमारे २८ टक्के लोक गरिबीत राहतात असा त्याचा निष्कर्ष होता. आठवड्याला घरात किती पैसे येतात, त्यात किती अन्न येतं, त्या अन्नातून अंगमेहनतीच्या माणसाला पुरेशी शक्ती मिळते का, असा त्याचा हिशेब. कारखान्यात १९०६ मध्ये निवृत्तिवेतन आलं. १९१९ मध्ये ४४ तासांचा आठवडा आणि कामगारांच्या प्रतिनिधींची मंडळं आली. १९२२ मध्ये तर मानसशास्त्रज्ञ नेमला गेला. कामगार जेवतो काय, दमतो कधी, मध्ये किती वेळ थांबतो हे तिथे कागदावर मांडलं जात होतं. अशा ठिकाणी कुणी ‘कामावर न्यायला काहीतरी द्या’ असं लिहिलं, तर ते वाचायला माणूस होता. एवढं श्रेय सूचनापेटीला द्यायलाच हवं.

कॅडबरी नावाचा डोंगर

आता बर्मिंगहॅमकडे वळू. कॅडबरीने १९०५ मध्ये डेअरी मिल्क काढलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, फ्राय त्यांच्यात सामील झाले, म्हणजे तिघांतले दोघे एक झाले. १९२०च्या दशकात कॅडबरीचा बोर्नव्हिलचा कारखाना एकाच मालाच्या प्रचंड उत्पादनासाठी नव्याने रचला गेला. १९२८ पासून ‘दीड पेला दूध’ ही जाहिरात सुरू झाली. माल जितका जास्त निघेल तितका नगामागे खर्च कमी, खर्च कमी म्हणून भाव कमी, भाव कमी म्हणून खप जास्त. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मागून येणाऱ्याची पंचाईत होते. त्याने तोच माल काढला तर तो कमी निघणार, म्हणून महाग पडणार, म्हणून कमी खपणार.

राउनट्रीने नेमकं तेच करून पाहिलं. दुधाच्या चॉकलेटच्या वड्या काढल्या, आणि त्या काही चालल्या नाहीत. चव बरी की वाईट हा मुद्दा गौण होता. डेअरी मिल्क दुकानात समोर असताना, त्याच भावात दुसऱ्याची वडी कुणी का घ्यावी? आपल्याकडेही कितीतरी घरांत मुलं कुठल्याही कंपनीच्या चॉकलेटला सरसकट ‘कॅडबरी’च म्हणतात. त्यावरून १९३० साली यॉर्कमधल्या साहेबांची काय अवस्था झाली असेल याचा अंदाज करता येतो. त्यातच मंदी आली आणि धंद्याची स्थिती नाजूक झाली.

हॅरिस येतो

जॉर्ज हॅरिस हा राउनट्री घराण्यात लग्नाने आलेला माणूस. घरातल्यांसारखा सौम्य अजिबात नव्हता. अमेरिकेतल्या विक्रीच्या पद्धतींनी तो भारावलेला होता, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला चॉकलेटच्या विक्रीची सूत्रं त्याच्याकडे आली. जाहिरातीवर विश्वास नसलेल्या जोसेफच्या कंपनीत आता जाहिरातीवरच विश्वास असलेला माणूस बसला. जोसेफ १९२५ मध्ये वारला होता, ते एका अर्थी बरंच झालं.

हॅरिसने पहिलं काम केलं ते विचारण्याचं. १९३३ मध्ये ब्लॅक मॅजिक नावाची चॉकलेटची पेटी काढण्याआधी सुमारे ७,००० गिऱ्हाइकांना आणि २,५०० दुकानदारांना प्रश्न विचारले गेले. कुठल्या सारणाचं चॉकलेट आवडतं, पेटी कोण कुणाला देतं, किती पैसे मोजायची तयारी आहे. पेट्या बहुतेक पुरुष विकत घेतात आणि बायकांना देतात, हे पक्कं झाल्यावर पेटीचं रूप, किंमत आणि जाहिरात सगळं त्या बेताने ठरवलं गेलं. आधी गिऱ्हाईक पाहायचं, मग माल. आज हे कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या काळात मालकाच्या जिभेला जे आवडेल ते बाजारात जायचं.

त्याच सुमारास आणखी एक घटना घडली. अमेरिकन मिठाईसम्राटाचा मुलगा फॉरेस्ट मार्स बापाशी भांडून इंग्लंडला आला आणि १९३२ मध्ये त्याने स्लाउ इथे मार्स बार बनवायला सुरुवात केली. आत नूगट नावाची मऊ मिठाई आणि कॅरॅमल, वरून चॉकलेट, किंमत दोन पेनी. गंमत म्हणजे त्यावरचं चॉकलेट सुरुवातीला तो कॅडबरीकडून विकत घेत होता. चॉकलेट स्वतः न बनवताही चॉकलेटच्या बाजारात शिरता येतं, हे त्याने दाखवून दिलं. लोक चॉकलेटचे पैसे देत होते, पण खात होते दुसरंच काहीतरी. हॅरिससारख्या माणसाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

मिठाईच्या दुकानात तेव्हा बराच माल वजनावर विकला जायचा. बरणीतून काढून, तराजूत घालून, कागदाच्या पुडीत. मार्स बारसारखा माल नगावर विकला जाई. एक नग, एक ठरलेली किंमत, स्वतःचं वेष्टन, स्वतःचं नाव. दुकानदाराला तोलायचं काम नाही आणि गिऱ्हाइकाला शेजारच्या बरणीशी भाव ताडून पाहायची सोय नाही. ही दुसरी गोष्ट फार मोलाची होती. डेअरी मिल्कच्या वडीशी तुलनाच होऊ शकणार नाही असा माल काढायचा, म्हणजे कॅडबरीने भाव पाडला तरी आपलं काही बिघडत नाही. १९३५ मध्ये राउनट्रीने एअरो काढलं, ते आतून बुडबुड्यांनी भरलेलं. १९३७ मध्ये स्मार्टीज आले. एकही साधी वडी नाही. प्रत्येकाला स्वतःचा आकार, स्वतःची खायची तऱ्हा. या रांगेत किटकॅट ठेवलं की ते एका चिठ्ठीचं फळ आहे असं वाटेनासं होतं.

आत काय आहे

या कांडीचा एक तुकडा आडवा कापून पाहावा. वेफरचे पातळ थर, त्यांच्यामध्ये सारण, आणि चारही बाजूंनी चॉकलेट. वेफर बनवायला पिठाचं पातळ सरसरीत घोल दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबतात. घोलातल्या पाण्याची झटकन वाफ होते, ती बाहेर पडताना पिठात बारीक बारीक पोकळ्या करून जाते, आणि उरतो तो जवळजवळ हवेचाच पापुद्रा. म्हणून तो इतका हलका आणि कुरकुरीत. पण हवेतला दमटपणा लागला की वेफर तासाभरात मऊ पडतं. मुंबईत पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बिस्किटाच्या पुड्याची जी गत होते, तीच याची. चॉकलेटमधली चरबी पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणजे इथे चॉकलेट चवीचं काम करतंच, शिवाय पावसाळी कोटाचंही करतं.

मधल्या सारणाची गोष्ट तर फारच छान आहे. कारखान्यात तुटलेल्या, वाकड्या आलेल्या, रूपात न बसलेल्या कांड्या टाकून देत नाहीत. त्या दळून सारणात मिसळतात. म्हणजे किटकॅटच्या पोटात किटकॅटच असतं. काटकसरीचा हा नमुना कुठल्याही कोकणी घरात पसंत पडेल.

कांड्या साच्यात बनतात हेही महत्त्वाचं. साच्यात चॉकलेट ओतायचं, त्यात वेफर बसवायचं, वरून पुन्हा चॉकलेट, आणि जादाचं पुसून घ्यायचं. वेफरवर नुसतं चॉकलेट ओघळू दिलं तर कडा गोल येतात. साच्यातून मात्र कड धारदार येते, वर नाव उमटतं आणि दोन कांड्यांमध्ये खोल खाच पडते. त्या खाचेवर अंगठ्याचं नख ओढून कागद फाडायचा आणि कट्कन तोडायचं. हे आपोआप घडत नाही, ते साच्यातच कोरलेलं असतं. चार कांड्या असल्या की एक सहकाऱ्याला देता येते, दोन नंतरसाठी ठेवता येतात. मार्स बारचा घास घेतला की तो एकट्यालाच संपवावा लागतो.

चॉकलेटने मढवलेलं वेफर ही काही राउनट्रीची दैवी कल्पना नव्हती. व्हिएन्नाच्या मानर कंपनीचं हेझलनटचं सारण भरलेलं वेफर १८९८ पासून विकलं जात होतं. यॉर्कने जे केलं ते असं : वेफर घेतलं, त्याला दोन पेनीत बसवलं, तोडता येईल असा आकार दिला आणि विकलं ते मिठाई म्हणून नव्हे, जेवण म्हणून.

छोटं जेवण

सुरुवातीचं नाव किटकॅट नव्हतं. वेष्टनावर लिहिलेलं होतं ‘राउनट्रीज चॉकलेट क्रिस्प’. जाहिरातीत त्याला लंडनमधलं सगळ्यात मोठं छोटं जेवण म्हटलं गेलं, आणि चहाच्या कपाचा उत्तम सोबती. ब्लॅक मॅजिकची पेटी प्रेयसीसाठी होती. ही कांडी टायपिस्टसाठी, कारकुनासाठी, गिरणीतल्या माणसासाठी. कुणाला भेट म्हणून द्यायची नाही, स्वतःच खायची. नाश्ता सकाळी सातला झालेला, जेवणाची सुट्टी बाराला, आणि साडेदहाला पोटात खड्डा पडतो. त्या साडेदहाच्या भुकेवर राउनट्रीने बोट ठेवलं.

इथे मला सूचनापेटीची गोष्ट पुन्हा पटायला लागते, पण निराळ्या अर्थाने. कामगाराने वेफर सुचवलं नव्हतं, चार कांड्या सुचवल्या नव्हत्या, किंमतही नव्हे. त्याने भूक सांगितली आणि वेळ सांगितली. हॅरिसला कॅडबरीच्या वाटेतून बाहेर पडण्यासाठी असाच एखादा कोपरा हवा होता. वेफरमुळे चॉकलेट कमी लागत होतं आणि पोट जास्त भरल्यासारखं वाटत होतं. ज्या कंपनीला दुधाचं चॉकलेट स्वस्तात बनवता येत नव्हतं, तिला याहून सोयीचं काय असणार? चिठ्ठी नसती तरी यॉर्कमधून काहीतरी नगावर विकायचं निघालंच असतं असं मला वाटतं. ते हेच निघालं असतं का, ते सांगता येत नाही.

दोन वर्षांत ही कांडी राउनट्रीचा सर्वांत जास्त खपणारा माल झाली.

नाव बदललं ते का

‘चॉकलेट क्रिस्प’ या नावात एक खोट होती. ते मालाचं वर्णन होतं, आणि वर्णनावर कुणाची मालकी सांगता येत नाही. उद्या दुसऱ्याने कुरकुरीत चॉकलेट काढलं तर त्याला अडवणार कसं? कंपनीच्या कपाटात ‘किटकॅट’ हे नाव पडून होतं. १९११ मध्येच त्याची नोंदणी झाली होती आणि १९२०च्या दशकात एका चॉकलेटच्या पेटीला ते दिलंही होतं. १९३७ मध्ये ते या कांडीला चिकटवलं गेलं, आधी ‘किटकॅट चॉकलेट क्रिस्प’ असं जोडून.

नावाचा मूळ उगम अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमधल्या किट-कॅट क्लबात सांगतात. तिथे व्हिग पक्षाचे पुढारी आणि साहित्यिक जमायचे, आणि क्रिस्टोफर नावाच्या पावभट्टीवाल्याच्या, मटणाचं सारण भरून भाजलेल्या ‘पाई’ खायचे. यावर इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिलेली आढळतात. या प्रकरणात त्याला काडीचंही महत्त्व नाही. उच्चारायला सोपं, तोडताना होणाऱ्या आवाजाशी जुळणारं आणि कायद्याने आपलं असलेलं नाव मिळालं, एवढंच.

निळं वेष्टन

युद्ध सुरू झालं आणि दुधाची टंचाई आली. जुलै १९४२ पासून इंग्लंडमध्ये मिठाई-चॉकलेटवर शिधापत्रिका लागू झाली. दुधाशिवाय किटकॅट गडद चॉकलेटचं करावं लागलं. इथे राउनट्रीने जे केलं ते मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. लाल वेष्टन बदलून निळं केलं आणि त्यावर छापलं की हे आपलं नेहमीचं चॉकलेट क्रिस्प नाही, सध्याच्या परिस्थितीत जमेल तेवढं त्याच्या जवळचं आहे, दूध मिळू लागलं की मूळ माल परत येईल. नावातून ‘चॉकलेट क्रिस्प’ हे शब्दही काढले. नुसतं ‘किटकॅट’ उरलं.

लाल वेष्टनात गडद कांडी घालून गुपचूप विकता आली असती. टंचाईत लोकांनी ती घेतलीही असती. पण पहिल्याच घासाला ‘बिघडलं’ असं वाटलं असतं, आणि ते वाटणं युद्धानंतरही टिकलं असतं. रंग बदलल्यामुळे लाल किटकॅट लोकांच्या जिभेवर जसंच्या तसं राहिलं. युद्ध संपल्यावर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, लाल वेष्टन परतलं, तेव्हा नवी जाहिरात करायची गरजच नव्हती. आणि शिधावाटपाच्या त्या वर्षांनी नावाचाही निकाल लावून टाकला. ‘चॉकलेट क्रिस्प’ पुन्हा आलं नाही.

१९५७ मध्ये लंडनच्या जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतल्या डॉनल्ड गिलीस याने ‘जरा थांबा, किटकॅट घ्या’ या आशयाची ती प्रसिद्ध इंग्रजी ओळ लिहिली, आणि पुढच्या वर्षी ती टीव्हीवर आली. ओळीत चॉकलेटचा उल्लेख नाही, चवीचा नाही, दुधाचाही नाही. कामाच्या मधल्या त्या दहा मिनिटांवर कंपनीने सरळ हक्क सांगितला. कॅडबरी दुधाचे पेले मोजत होती. यॉर्कवाल्यांनी घड्याळ धरलं.

मालक बदलतात, साचा राहतो

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९६९ मध्ये राउनट्री हॅलिफॅक्सच्या मॅकिन्टॉश कंपनीशी एकत्र झाली. त्याच सुमारास अमेरिकेत किटकॅट बनवायचा परवाना हर्शीला दिला गेला, आणि तो करार इतका पक्का निघाला की आजही अमेरिकेतलं किटकॅट हर्शीचंच आहे. १९८८ मध्ये स्विस कंपन्यांमध्ये राउनट्रीसाठी चढाओढ लागली, यॉर्कमध्ये निषेध झाले, आणि शेवटी सुमारे अडीच अब्ज पौंडांना नेस्लेने कंपनी घेतली. नेस्लेला कारखान्याच्या भिंती नको होत्या, नावं हवी होती. त्यातलं सर्वांत मोठं नाव किटकॅट.

नाव मिळालं, पण आकार? चार कांड्यांचा तो साचा आपलाच आहे असं कायद्याने वदवून घ्यायला नेस्लेला फार झगडावं लागलं. अडवायला समोर कोण उभं राहिलं, तर कॅडबरी. ब्रिटनमध्ये २०१० साली केलेला अर्ज सात वर्षं चालला आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. लोक तो आकार पाहून किटकॅट ओळखतात हे मान्य झालं, पण खरेदी करताना ते विसंबतात नावावर आणि लाल वेष्टनावर, आकार तर कागदाच्या आत असतो, असा साधारण मुद्दा होता. युरोपियन महासंघातली नोंदणीही अशीच अडचणीत आली. तिथे विरोधात होती मोंडेलीझ, म्हणजे कॅडबरीची आताची मालकीण. तिच्याच मालकीचं नॉर्वेमधलं क्विक लुन्श हे फ्रेया कंपनीचं चॉकलेट १९३७ पासून अगदी तशाच चार कांड्यांत विकलं जातं. जुलै २०१८ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आकार तुमचा म्हणून ओळखला जातो हे संघातल्या सगळ्या भागांत सिद्ध व्हायला हवं, काही देशांचे पुरावे देऊन भागणार नाही. बेल्जियम, आयर्लंड, ग्रीस आणि पोर्तुगाल यांच्याबद्दलचा पुरावा कमी पडला होता.

ज्या कॅडबरीला टाळण्यासाठी राउनट्रीने वेगळा आकार शोधला, त्याच कॅडबरीने ऐंशी वर्षांनी कोर्टात उभं राहून त्या आकाराचं वेगळेपण नाकारायला लावलं. हॅरिस हयात असता तर वैतागला असता. पण त्याने हेही दाखवून दिलं असतं की दुकानातल्या खपावर या निकालाने काही फरक पडलेला नाही.

उसगाव आणि पर्क

आपल्याकडे हा डाव पुन्हा मांडला गेला, आणि तोही जवळच. कॅडबरी १९४८ पासून मुंबईत होती. ठाण्याच्या कारखान्यावरून तर तिथला एक नाकाच ओळखला जातो. भारतातल्या चॉकलेटच्या बाजारावर तिची पकड १९३०च्या इंग्लंडइतकीच घट्ट होती. नेस्लेने १९९५ मध्ये गोव्यात फोंडा तालुक्यातल्या उसगावला कारखाना सुरू केला आणि तिथून किटकॅट निघू लागलं. साध्या दुधाच्या वडीने डेअरी मिल्कशी टक्कर घ्यायची नाही, वेफरच्या बाजूने शिरायचं, ही खेळी यॉर्कमधून उचललेली दिसते. आपल्या हवेत तिला आणखी एक फायदा होता. उन्हाळ्यात निव्वळ चॉकलेटची वडी पार लोळागोळा होते. वेफर असलं की चॉकलेट मऊ पडलं तरी कांडी थोडीफार उभी राहते.

कॅडबरीनेही हात बांधून वाट पाहिली नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिने स्वतःचं चॉकलेटात बुडवलेलं वेफर काढलं, पर्क. त्याची टीव्हीवरची जाहिरात त्या वेळी शाळा-कॉलेजात असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे : ‘थोडी सी पेट पूजा, कभी भी, कहीं भी’. दुधाचे पेले मोजणाऱ्या कंपनीने भारतात वेफर विकायचं ठरवलं, तेव्हा विकली ती भूकच. नेस्लेने त्यावर आणखी स्वस्त मंच काढलं, आणि पाच रुपयांच्या त्या लढाईत दोघांचे वेफर अजून शाळेबाहेरच्या टपरीवर शेजारी शेजारी लटकलेले असतात.